दाराचं दुसरं टोक

"हात लावू नकोस," सुतार म्हणाला. "तिथेच उभी राहा आणि नुसतं बघ."

सून दोन पावलं मागे सरली. तिचा भाऊ वर्कशॉपबाहेर सावलीत उभा होता. तो तिला न्यायला आला होता आणि ती अजून हो म्हणाली नव्हती.

मध्ये जमिनीवर सुताराने स्वतः बनवलेली ढकलगाडी होती. दिसायला ओबडधोबड, पण डोकं लावून केलेली. एक लवचीक फळी, तिच्याखाली भंगारातल्या ट्रॉलीची चाकं आणि वर आतून गालिच्याचे तुकडे ठोकलेली दोन गालफडं. दार किंवा प्लायवूडची शीट त्या गालफडांमध्ये उभी केली की वजनाने फळी वाकायची आणि गालफडं ती घट्ट धरायची. मग एका माणसाने तोल सांभाळत ढकलत न्यायचं.

एका माणसाने. सगळी गोम तिथेच होती.

मुलगा होता तोवर दाराचं दुसरं टोक तो धरायचा. रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. त्यानंतर एकदा सुतार एकटाच एका शीटशी झटापट करत होता, तेव्हा सून आत आली, बाह्या सरसावल्या आणि तिने दुसरं टोक उचललं. तेव्हापासून दोघं मिळून दारं करत होते. सुरुवातीला ती शीट न्यायची कमी आणि भिंतीवर आपटायची जास्त. "अगं, भिंतीला विचारून तरी आपट," तो म्हणायचा. त्या घरात पुन्हा हसू आलं ते असं.

पण तिचं वय ते काय! भावाने तिच्यासाठी एक चांगला माणूस पाहून ठेवला होता. भाऊ फोनवर मागे लागला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाबांच्या दाराचं दुसरं टोक कोण धरणार?"

सुताराने ते आतल्या खोलीतून ऐकलं. म्हणजे ही पोर निव्वळ आपल्यापायी अडकून पडली आहे.

त्यानंतर तिचं वागणंही बदललं होतं. दुपारी कुठे जाते ते सांगायची नाही. एकदा तर ती टेप घेऊन वर्कशॉपच्या दाराची रुंदी मोजताना दिसली.

"काय मोजतेस?"

"काही नाही. असंच."

तिचं कपाट वर्कशॉपमधून बाहेर निघेल का ते बघत असणार, असं त्याने धरलं. त्या दिवशी तो अर्ध्या ताटावरून उठला. पण तिला जायचंच असेल तर तिने मागे वळून न बघता जावं, असं त्याने मनाशी पक्कं केलं आणि ती बाहेर गेली की तो ढकलगाडीला भिडायचा.

अडचण एकच होती. भरीव दार गाडीवर चढवायचं तर आधी उचलावं लागतं आणि त्याच्या पाठीने केव्हाच हात टेकले होते. म्हणून त्याने एक पोकळ दार केलं. वरून सागाचा पापुद्रा, आत नुसती पुठ्ठ्याची जाळी. ते इतकं हलकं झालं की फळी वाकेना आणि गालफडं दार धरेनात. मग त्याने गालफडांच्या आत दिसणार नाहीत अशा पाचरी ठोकल्या. आयुष्यभर चोख काम केलेल्या माणसाने केलेली ही पहिली लबाडी, आणि तीही स्वतःच्या सुनेशी.

"आता बघ," तो म्हणाला. वाकला, भरीव दाराला शोभेल इतका कण्हला, दार उचलून गालफडांत उभं केलं आणि ढकलत फाटकापर्यंत नेऊन परत आणलं.

"बघितलंस? एकटा!"

सून गाडीच्या चाकांकडे बघत म्हणाली, "म्हणजे मी नसले तरी चालेल."

"चालेल काय, पळेल!" तो हसला. ते हसणं त्याचं त्यालाच ऐकवेना. पण अजून थोडी कसर राहिली आहे असं त्याला वाटलं. "खरं सांगू का, पोरी? एवढ्याशा जागेत दोघं म्हणजे अडचणच होते. तू जा."

ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. तो आणखी काही बोलेल म्हणून थांबल्यासारखी. तो खाली वाकून चाकावरचा भुसा झटकत राहिला.

"बरं," ती म्हणाली आणि तिने डोळे पुसले. सुटल्याचे अश्रू असतील, असं त्याला वाटलं.

तासाभरात बॅग भरून ती बाहेर आली. "पाठ सांभाळा, बाबा," एवढंच बोलली आणि भावाबरोबर निघून गेली.

ती कोपऱ्यावरून वळली तसा सुतार खाली भुशातच बसला आणि हमसाहमशी रडला. मुलगा गेला तेव्हा निदान बरोबर रडायला ती तरी होती. पोरीच्या मनासारखं झालं, असं तो पुन्हा पुन्हा स्वतःला बजावत राहिला.

बाहेर स्कूटर थांबली. हार्डवेअरवाला एक जड खोकं घेऊन आत आला.

"सूनबाई कुठे आहेत?"

"गेली. भावाकडे. आता नाही यायची."

"असं कसं?" हार्डवेअरवाल्याने खोकं उघडलं. आत जाड रबराची कोरी चाकं होती. "रोज दुपारी येऊन माझं डोकं खायच्या, बाबांच्या पाठीसाठी ढकलगाडी करायची आहे म्हणून. आज भाऊ यायच्या आत पाहिजे होती त्यांना, पण माल आत्ता आला. चाकं दणकट द्या म्हणाल्या, मला जन्मभर इथेच दारं उचलायची आहेत."