बुलडोझरपुढची खुर्ची

एमेटने बुलडोझरचं पातं खाली घेतलं, समोर पाहिलं आणि झटकन मान फिरवली. मशीनपासून वीस पावलांवर, नदीकडे उतरणाऱ्या वाटेतच, घडीची खुर्ची टाकून कुणीतरी बसलं होतं. अंगावर मोठ्या चांदणीची गोधडी. चौदा वर्षांत सासूबाईंचा चेहरा त्याने कधी नीट पाहिला नव्हता, पण ती गोधडी त्याने हजारांत ओळखली असती.

मुकादम कर्ट खालून ओरडला, "थांबलास का रे?"

"समोर बाई आहे."

"ते मलाही दिसतंय. उठव तिला."

"माझ्या सासूबाई आहेत त्या."

"मग तर सोपंच झालं. जा, बोल."

"बोलत नाही मी त्यांच्याशी."

"भांडण?"

"छे, मान." एमेट मशीनवरून उतरला, तोही नदीकडे पाठ करून. "आम्हा लाकोटा जमातीत जावई सासूशी बोलत नाही. तिच्याकडे बघतही नाही. तीही तसंच पाळते."

कर्टने टोपी मागे सारली. "मीही माझ्या सासूशी बोलत नाही. त्याला मान म्हणतात हे नव्हतं ठाऊक."

दुपारपर्यंत उतार साफ करायचा होता. मग बोअर मारणारं यंत्र येणार आणि मिसूरीच्या पोटाखालून तेलाची पाइपलाइन पलीकडे जाणार. चार मैल खाली त्याच नदीतून लाकोटांच्या वस्तीला पाणी चढत होतं. एमेटला हे माहीत नव्हतं असं नाही. पण दोन हिवाळे बेकार बसून काढले की माणूस बऱ्याच गोष्टी माहीत नसल्यासारखं करायला शिकतो. आपण नाही तर दुसरा कुणी करणारच, असं तो महिनाभर रोज सकाळी बूट चढवताना स्वतःला सांगत होता. कर्टने शेरीफला फोन लावलेला पाहून त्याने घाईघाईने बायकोला फोन केला. लोरेटा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती.

"तुझ्या आईला सांग घरी जायला. पोलीस निघालेत."

"माहीत आहे. खुर्ची मीच उतरवून दिली तिला."

"तू?"

"गोधडीपण मीच दिली. गारठा होता सकाळी."

"अगं, माझी नोकरी जाईल."

"जाईल," लोरेटा म्हणाली.

"इथे चार मशीनं आहेत. माझ्याच पुढे का बसल्या?"

"बाकीचे तिघं समोर बघून चालवू शकतात, एमेट."

इंजिन नुसतंच घरघरत होतं. कर्ट घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता आणि त्याच्याकडे बघून एमेटचाही पाय जागेवर ठरेना.

"ऐक रे सार्जंट," सासूबाई पायाशी बसलेल्या कुत्र्याला म्हणाल्या, चारही मशीनवाल्यांना ऐकू जाईल अशा बेताने. "मी सात वर्षांची असताना सरकारने धरण बांधलं. पाणी आलं आणि आमचं घर घेऊन गेलं. आता घर वर आहे, तर हे पाणी घ्यायला आलेत. तू म्हातारा, तुझं काय. ज्याच्या पोरी शाळेत जातात त्याने विचार करावा."

कुत्र्याने जांभई दिली.

"सार्जंट," तो टेकडीकडे तोंड करून म्हणाला, "त्यांना सांग, पोरींसाठीच करतोय मी हे."

"त्याला सांग, ठाऊक आहे. म्हणून तर रागावले नाही."

"बास झालं हे कुत्र्याचं नाटक," कर्ट म्हणाला आणि स्वतःच मशीनवर चढला. "घाबरवतो फक्त. दोन पावलं पुढे घेतलं की उठेल."

"नाही उठणार त्या."

कर्टने ऐकलं नाही. धूर सुटला, साखळ्या करकरल्या, बुलडोझर हलला. धावत जाऊन उचलावं, तर हात लावायचा नाही. ओरडावं, तर बोलायचं नाही. त्याला सासूबाईंचा पहिल्यांदाच राग आला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्याने बाजूला पडलेली ग्रीसची रिकामी बादली उचलली, धावत मशीनच्या पुढे आला आणि तोंड मशीनकडेच ठेवून उलट्या पावलांनी उतार उतरू लागला. कुत्र्याचं नाक पोटरीला लागलं तेव्हा थांबला. बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला. पाठ सासूबाईंकडे, तोंड बुलडोझरकडे.

पातं पुढे येत राहिलं आणि त्याच्या गुडघ्यांपासून दोन हातांवर थांबलं.

"उद्यापासून येऊ नकोस," कर्टने वरून सांगितलं.

"बरं."

थोड्या वेळाने पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. त्यांतला एक हवालदार वही काढून उतार उतरत आला. त्याने बादलीकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं.

"तुम्ही दोघं एकत्र आहात का?"

"एकत्र कसले, साहेब," एमेट म्हणाला. "आमचं बोलणंसुद्धा नाही."

मागे खुर्ची उचलून अगदी जवळ टाकल्याचा आवाज आला, आणि त्याच्या पाठीला लागणारा नदीवरचा वारा थांबला.