वडीवरचा चेहरा

"आईचा फोटो येईल, नाहीतर वरची खोली रिकामी होईल," प्रमोदिनीअक्का म्हणाल्या आणि त्यांनी मोबाइल टेबलावर आपटला. चहाचे कप खणखणले.

मोबाइलवर विठाबाई होत्या. अक्कांची आई आणि अहल्याची सासू. जाऊन दोन वर्षं झाली होती. लोगो काढून द्यायला आलेली भव्या लॅपटॉप मांडीवर घेऊन अंग चोरून बसली होती. ती कन्नड बोलणारी, तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण नणंद-भावजयीचं भांडण कळायला भाषा लागत नाही.

राजाजीनगरच्या या घराच्या गच्चीवरच्या खोलीत अहल्या सहा वर्षं साबण करत होती. करंजाचं तेल, खोबरेल, कॉस्टिकचं पाणी, मग महिनाभर वाळवण. आता इंदिरानगरातलं एक दुकान तिचा माल ठेवायला तयार झालं होतं. नाव आणि लोगो सोमवारपर्यंत द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. अहल्याचं कधीच ठरलं होतं. करंजाचं पान आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'अहल्या'. त्रेपन्नाव्या वर्षी तिचं नाव पहिल्यांदाच रेशनकार्ड सोडून आणखी कशावर तरी येणार होतं. अडचण एकच होती. जाताजाता विठाबाई ती खोली लेकीच्या नावावर करून गेल्या होत्या.

"खाली लिहायचं, आईच्या हातची परंपरा," अक्का पुढे म्हणाल्या. "लोकांना असलंच आवडतं."

परंपरा! विठाबाईंनी जन्मात साबण केला नव्हता. त्यांची परंपरा एवढीच, की साबण कपाटात कुलूपबंद ठेवायचा, वडीचे दोऱ्याने तीन तुकडे करायचे आणि त्यातला एक सुनेला महिनाभर पुरवायला सांगायचा. आठवडाभर आधी संपला तर पाहुण्यांदेखत विचारायच्या, "एवढं काय घासतेस गं? घासून उजळणार आहेस का?" अहल्याने गुपचूप शिकून केलेला पहिला घाणा तर त्यांनी मोलकरणीकडून गटारात ओतवला होता. आणि आता त्यांचाच चेहरा मिरवणार म्हणे साबणावर! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. हा तर मेल्यावरही वेटोळं सोडायला तयार नव्हता.

"अक्का, साबण मी करते," अहल्या म्हणाली. आवाज कापत होता आणि तो कापतोय याचाच तिला जास्त संताप येत होता.

"खोलीत करतेस ना? खोली कुणाची?"

अहल्याने नवऱ्याकडे पाहिलं. रघुपती पेपरात डोकं घालून बसले होते. तीस वर्षांत घरात वादळ उठलं, की त्यांना पेपरात काहीतरी महत्त्वाचं सापडायचंच.

"अगं, आईच ती," पेपराआडून ते म्हणाले. "स्वल्प, थोडंसं समजून घे."

भव्याने घाईघाईने लॅपटॉप सगळ्यांकडे फिरवला. तिने फोटोवरून रेघांचं चित्र करून ठेवलं होतं. गोल चौकटीत विठाबाई. कपाळावर आडवं कुंकू, ओठ घट्ट मिटलेले. हे कागदी वेष्टनावर छापता येईल किंवा साच्याने वडीवर उमटवता येईल, असं तिने कन्नडमध्ये सांगितलं. अक्का आईकडे बघतच राहिल्या. डोळ्यांना पदर लागला.

अहल्याही बघत राहिली. मेलेल्या माणसाचा राग धरू नये, हे तिला माहीत होतं. दोन वर्षं तिने प्रयत्न केला होता. जमलं नव्हतं. मग कुणास ठाऊक कसा, तिचा चेहरा एकदम निवळला.

"सरी अक्का, बरं," ती म्हणाली. "आई येऊ देत. पण कागदावर नको. कागद लोक फाडतात आणि कचऱ्यात टाकतात. आईंना कचऱ्यात टाकायचं? त्यांना वडीवरच घेऊ या. कागदावर काय, माझं नाव असलं तरी चालेल."

तेच तिने भव्याला कन्नडमध्ये सांगितलं. रघुपतींचा पेपर खाली आला. भव्या काहीतरी सांगायला तोंड उघडणार, तोच अहल्याने तिच्या हातावर हात ठेवला. "इरली, भव्या," ती म्हणाली. राहू दे.

अक्का उठून आल्या. लग्नातलं सोडलं तर पहिल्यांदाच त्यांनी भावजयीला जवळ घेतलं. "मला नव्हतं गं वाटलं, आईबद्दल तुझ्या मनात इतकं असेल."

"आहे तर," अहल्या म्हणाली. "खूप आहे."

साचा आठवडाभरात आला. अहल्याने छाप स्वतः उमटवले. वडी फार ओली असली तर साचा चिकटतो आणि फार वाळली तर तडा जातो. तिने नेमकी वेळ साधली आणि विठाबाई शंभरच्या शंभर वड्यांवर झकास उठल्या. महिनाभराने माल दुकानात गेला. पाच वड्या अक्का जयनगरला आपल्या घरी घेऊन गेल्या आणि त्यातली एक त्यांनी देवघरात ठेवली.

एक वडी अहल्याने स्वतःला ठेवली. रविवारी सकाळी वडी घेऊन ती न्हाणीघरात शिरली. अर्धा तास झाला. टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर येरझाऱ्या घालणाऱ्या रघुपतींनी शेवटी दार वाजवलं.

"अगं, झालं की नाही?"

"झालंच," आतून अहल्याचा प्रसन्न आवाज आला. "नाक तेवढं राहिलंय."