उपडा ग्लास

फोर्टातल्या जुन्या बारांची पायी सफर संध्याकाळी सात वाजता तिसऱ्या बारपाशी पोचली. गाइड रेवती पर्यटकांना संगमरवरी टेबलं, शिसवी काउंटर कौतुकाने दाखवत होती. एवढ्यात त्यांच्यातल्या एकाने चौथा पेग मागितला. म्हातारे वेटर गंगण्णा आले आणि त्यांनी त्याचा रिकामा ग्लास त्याच्यासमोर उपडा ठेवला.

"इथे तीनच," एवढं बोलून ते गेले.

"गिऱ्हाइकाला नाही म्हणतात? मग हा बार चालतो तरी कसा?" तो उखडला. बाकीचे हसले.

या सफरीच्या दोन वर्षांत रेवतीने जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते आज तिच्या तोंडून निघून गेलं.

"माझे बाबा याच टेबलापाशी बसायचे. चौथ्यासाठी रोज गंगण्णांशी भांडायचे, नको नको ते बोलायचे. बावीस वर्षांत गंगण्णा एकदाही बधले नाहीत. बाबा चिडून तडक घरी यायचे, पण स्वतःच्या पायांनी यायचे."

त्या माणसाने उपडा ग्लास बाजूला सारला आणि पाणी मागवलं.

"माझी आई उभ्या जन्मात बारची पायरी चढलेली नाही," रेवती म्हणाली. "पण बाबा गेले तरी दर दिवाळीला तिच्या फराळाचा पहिला डबा गंगण्णांनाच जातो."