लक्कव्वाच्या मशीनचा ट्रान्सफॉर्मर

लक्कव्वा गेल्यावर बाळाप्पाने तिचं ऑक्सिजनचं मशीन उघडलं आणि आतला ट्रान्सफॉर्मर स्वतः बनवलेल्या छोट्या ड्रिलला जोडला. कुठलीही जुनी वस्तू तो वाया जाऊ देत नसे.

"बायकोच्या मशीनलाही सोडलं नाहीस रे!" थोरली बहीण यल्लव्वा दारातून म्हणाली.

त्याने बटण दाबलं. ट्रान्सफॉर्मर गुणगुणला, थांबला, पुन्हा गुणगुणला. आतले पत्रे सैल असतील म्हणून त्याने बोल्ट आवळले. तरी आवाज येई, जाई, मध्येच अडखळे. शेवटी शेवटी लक्कव्वाचा श्वास असाच चालायचा. नवनगरची लाइट गेली, त्या दुपारी तो थांबला. बाळाप्पा नुसता तिचा हात धरून बसला होता.

त्याने प्लग उपसून काढला. गुणगुण चालूच राहिली.

"अक्का, ऐकतेस ना?"

"ऐकतेय," यल्लव्वा कशीबशी म्हणाली.

आवाज क्षीण होऊ लागला, मधली शांतता लांबत गेली. बाळाप्पाने घाईघाईने प्लग परत खोचला, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. डोक्यावरचा पंखा मंदावत चालला होता.

"लाइट गेली रे, बाळू."

त्याने दोन्ही हातांनी ट्रान्सफॉर्मर घट्ट धरला. तळव्याखालची थरथर थांबली. बऱ्याच वेळाने ती आणखी एकदाच आली.