नातीच्या अंघोळीनंतरचे पाणी

दिनांक ९ मार्च, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे. आमच्या नळाच्या पाण्यात न चिकटणाऱ्या तव्यांच्या लेपातल्या त्या अविनाशी रसायनाचे प्रमाण लिटरमागे चाळीस नॅनोग्रॅम होते. कायद्याची मर्यादा चार. तपासणी मीच प्रयोगशाळेत केली होती.

"बाबा, बाळाच्या अंघोळीला तरी चालेल ना?" सुनेने विचारले.

"नियम फक्त पिण्याच्या पाण्याचा आहे," मी म्हणालो. अंघोळीविषयी त्यात एक अक्षरही नाही.

तिने तान्ह्या नातीवर पाणी ओतले. ते अंगावर पसरलेच नाही. पाऱ्यासारखे टपोरे थेंब होऊन टबात घरंगळले. जावळही कोरडेच राहिले.

"आजोबांवर गेली आहे," आमची ही हसली, "काही म्हणून अंगाला लावून घेत नाही!"

सून हसली नाही. "बाबा, तिच्या अंगात तर काही गेलं नसेल ना?"

तिच्या समाधानासाठी मी टबातले पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेले. हे रसायन उकळून जात नाही, कापडाने गाळून जात नाही, पिढ्यान्‌पिढ्या झिजत नाही; पाण्यातून निघाले, तर कुणाच्या तरी अंगात जाऊन साठते. यंत्राने तिन्ही वेळा एकच आकडा दाखवला. इतके निर्मळ पाणी मी उभ्या नोकरीत पाहिले नव्हते. मी नकळत खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

लिटरमागे शून्य नॅनोग्रॅम.