अर्ध्यावरचं शटर

आज हळबेकाकांचं खेळण्यांचं दुकान कायमचं बंद होणार, म्हणून आईला आणि माझ्या लेकीला घेऊन मी आले. आम्ही कोपऱ्यावर वळलो, तोच काकांनी शटर अर्ध्यावर ओढलं.

"घ्या! लहानपणीही आपण आलो की नेमकं हेच व्हायचं," मी वैतागले.

आई ओशाळली. "तेव्हा मीच लांबून खूण करायचे गं. तू हट्ट धरला असतास, आणि मला काही घेऊन देता आलं नसतं."

काका शटरखालून वाकून बाहेर आले. "वहिनी, तुम्ही दिसलात आणि सवयीनं ओढलंच गेलं बघा!"

"आज उघडा," आई म्हणाली.

शटर वर जाताच लेक आत धावली. आईनं मात्र माझा हात धरला. "सांग, तुला काय हवं होतं?"