करारात नसलेलं ऊन

भर चैत्रात तीन दिवस गॅलरीत ठेवूनही सिंधूताईंच्या कुरडया ओल्याच राहिल्या, वर त्यांना बुरशी आली. त्या राहत होत्या त्या परवडणाऱ्या घरांच्या काचा सगळं ऊन शोषून नळ्यांतून समोरच्या आलिशान टॉवरला पुरवत होत्या.

कुरडयांचं ताट घेऊन त्या सरकार आणि बिल्डरच्या भागीदारी कार्यालयात गेल्या. "साहेब, आमचं ऊन कुठंय?"

अधिकाऱ्याने नाकाला रुमाल लावला. "मावशी, घराच्या करारात तुम्हीच 'हवा आणि उजेड' लिहून घेतलंत. पंखे दिले, दिवे दिले. ऊन कुठे लिहिलंय?"

परतताना त्यांना दिसलं, समोरच्या टॉवरच्या तळमजल्यावरच्या नव्या दुकानात पाकिटं रचलेली होती. त्यांवर छापलं होतं, 'इथल्याच उन्हात वाळवलेल्या घरगुती कुरडया'.

"शी!" म्हणत सिंधूताईंनी अख्खं ताट त्या पाकिटांवर पालथं घातलं.